चौथ्या कॉइलची वायर

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून तीनदा कापलास. पत्र कापता येत नाही. आणि पाकिटात जे घातलंय ते फोनवरून देता आलं नसतं. ते बाहेर काढायच्या आधी सगळं वाच.

आई बरी आहे. इथे दांडी गावात पावसाळ्यासाठी बोटी वर ओढल्यात, किनाऱ्यावर जिकडेतिकडे रंगाचे डबे. दर वर्षी या दिवसांत बाबांना घास गिळायला उसंत नसते; याची बोट, त्याची बोट, दिवे, पंप, सगळं वायरिंग जानूभाऊंकडे. यंदा एकाही बोटीवरून बोलावणं नाही. एकनाथकाकांच्या नव्या बोटीचं काम बोईसरच्या कुणाला दिलं. काका घरी येऊन म्हणाले, “जानूभाऊ, तुमी लय केलंत, आता आराम करा.” बाबा “बरं हाय” म्हणाले, खिशातला टेस्टर काढून देवाच्या फळीवर ठेवला, आणि तेव्हापासून ओट्यावर बसून आहेत. माणसाचं तीस वर्षांचं नाव एका वाक्यात बुडतं, दादा, आणि ते वाक्य तुझं होतं.

आठवत नसेल तर आठवण करून देते. जुन्या व्हॅनमध्ये भंगारातलं दुसरं इंजिन बसवायची हौस तुझी. आधीच्या इंजिनाला ठिणगीची वीज देणारी एकच कॉइल होती, तिथून चार प्लगांना वायरी जायच्या. तुला ते जुनाट वाटलं, नव्या गाड्यांसारखी प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल हवी होती. इंजिन तू झकास बसवलंस, कबूल. पण वायरिंगशी तुझं कधी जमलंच नाही, म्हणून बाबांना कामाला बसवलंस. त्यांनी पंधरा दिवस खपून ते केलं. लाकडी बोटीत वीज परत यायला पत्र्याची वाट नसते, म्हणून ते प्रत्येक दिव्याची परतीची वायर थेट बॅटरीपर्यंत आणतात. तशीच त्यांनी चारही कॉइलना एकेक काळी वायर दिली, सोल्डर करून, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. तू हसलास. “बाबा, ही गाडी हाय, होडी नाय. पत्रा हाय ना, तोच अर्थिंग!” ते एवढंच म्हणाले, “खाऱ्या वाऱ्यातला पत्रा. त्याचा काय भरोसा?”

मग तुझा साखरपुडा. अर्चनाच्या घरी सफाळ्याला निघालो आणि पाम गावाच्या पुढे व्हॅन धक्के देत बंद पडली. वैशाखाचं ऊन, रस्त्याच्या कडेला आपण नऊ माणसं, त्यात न्यायला आलेले अर्चनाचे मामा आणि आपले एकनाथकाका. तू बॉनेट उघडलंस. बाबाही वाकले, त्यांनी बघितलं, सीटखालून हत्यारं काढायला गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “म्हाताऱ्याला सांगितलं होतं, बोटीची अक्कल गाडीत घालू नका!” बाबा हात पुसत बाजूला झाले. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचाच राग आला होता. वाटलं, चुकले असतील, वय झालं.

गेल्या रविवारी मी व्हॅनवरची ताडपत्री काढली. एमआयडीसीत दिवसभर विजेचे पॅनल जोडते मी, कुणाचा हात कुठे लागलाय ते मला दिसतं. बाबांच्या चार काळ्या वायरी जागेवर नव्हत्याच. चारही कॉइलच्या अर्थिंगची टोकं एकत्र पिळून, लाल टेप गुंडाळून, एका स्क्रूने मडगार्डवर मारलेली. तीसुद्धा पुट्टीच्या लांबीवर आणि ताज्या रंगावर, ज्यातून वीज जातच नाही! खाली नुसता गंज. स्क्रू बोटाने फिरला. बाबा वायर कधी पिळून सोडत नाहीत आणि लाल टेप तुझ्याशिवाय आपल्या घरात कोण वापरतं? साखरपुड्याच्या आदल्या दुपारी बाबा जेवायला गेल्यावर ‘जरा नीटनेटकं करतो, जाळ्यासारखं दिसतंय’ म्हणत तू बॉनेटमध्ये शिरला होतास. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पाहिलेत, पण तू तर दुसऱ्याचं सरळ अंगण उकरून ठेवलंस, आणि वर त्यालाच बोल लावलास. लाज कशी वाटली नाही रे?

मी तावातावाने सोल्डर शोधायला बाबांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात त्या चार वायरी होत्या. कापलेल्या, नीट गुंडाळलेल्या, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या. सीटखाली तू टाकल्या असणार, आणि हत्यारं काढायला गेले तेव्हा तिथूनच त्यांनी उचलून खिशात घातल्या असणार. म्हणजे पामच्या रस्त्यावर तू ओरडलास, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाले, “त्याचा साखरपुडा होता, भावे. सासरची माणसं उभी होती. आता त्याला काय लिवू नको.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मग हे लिहायला बसले, त्यांना न सांगता.

तीन वायरी मी परत जोडल्यात. गाडी सुरू होते, पण तीनच सिलिंडरवर, सगळं अंग थरथरवत. चौथी या पाकिटात आहे. नारळी पौर्णिमेला बोटी निघायच्या आत ये. अर्चनाच्या मामांना आणि एकनाथकाकांना मी व्हॅनपाशी बोलावते, त्या दिवशी होतो ते सगळेच्या सगळे नऊ जण हवेत. त्यांच्यासमोर ही वायर खिशातून काढ आणि कशी लावायची ते बाबांना विचार. टेस्टर फळीवरून त्यांना काढून दे. त्या दुपारी कटर तुला मीच दिला होता, काय कापणार ते न विचारता, हे मी त्यांना काल सांगितलंय. उरलेलं तू सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
भाविका