नकाशावरचा गोठा

ता. ९, बुधवार

धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तू बराच असशील, पंख्याखाली बसणाऱ्याला काय होतंय. तुझ्या भावोजींचा गुडघा दुखायचा तसा दुखतोय. लेकीला आठवा लागला, बाळंतपणाला इथेच आली आहे.

आता कामाचं. परवा त्या कारखान्याच्या सुनावणीत तू साहेबाशेजारी नकाशा धरून बसलास आणि मान वर केली नाहीस. मक्यापासून गाड्यांचं इंधन करणार, करू देत, माझं काही म्हणणं नाही. पण टाकीची खुंटी माझ्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर ठोकलीय. नियम म्हणे राहत्या घरापासून तीनशे मीटर. मी उठून तेच बोलले, तर साहेबाने नकाशावर बोट ठेवलं.

"बाई, इथे घर कुठे आहे? हा तर गोठा."

सगळी सभा हसली. मागून कोणी म्हणालं, म्हशींचीही हरकत लिहून घ्या. तू हसला नाहीस, एवढंच. माझ्या हातचं खाऊन नोकरीतल्या परीक्षा दिल्यास, त्या घरात दोन वर्षं झोपलास, आणि साहेबाला एक शब्द सांगायला तुझी जीभ झडली होती का?

इथवर काल लिहिलं आणि ठेवून दिलं. तुला शिव्या घालून भागेना, म्हणून पुढचं लिहिते.

नकाशावर गोठा मीच तुला लिहायला लावला. शेतात घराला परवानगी मिळत नव्हती, गोठ्याला लागत नव्हती. तू नोकरीत नवा, नको नको म्हणत होतास. मीच म्हटलं, लिही रे, कोण बघायला येतंय. बारा वर्षं कोणी आलं नाही. परवा खरं बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून मीसुद्धा मुकाट खाली बसले. त्याचाच राग जास्त आहे.

पण टाकीच्या पोटाशी नातवंड निजवणार नाही मी. सोमवारी हरकतींची मुदत संपते. मी लिहून देणार, की हे घर आहे, आणि खोटं माझ्या सांगण्यावरून लिहिलं. कोणी लिहिलं ते सांगणार नाही, पण नकाशाखाली सही तुझी आहे आणि त्यांना वाचता येतं. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर निभावेल कदाचित. शनिवार तुझा. सोमवारी मी थांबणार नाही.

तुझी नोकरी घालवायला निघालेली, तरी तुझीच
ताई