कोलला पाडल्यावर केलेला नाच

प्रिय आई,

तुझ्या रॉस्कोचा नमस्कार. आधीच सांगतो, मी धडधाकट आहे. गुडघ्याची सूज उतरली. धाकट्या जॅनेलचा खोकला थांबला का?

दर सामन्यानंतर तुझा फोन येतो, या रविवारी आला नाही. म्हणजे तू टीव्हीवर पाहिलंस.

बचाव फळीतल्या गड्यानं समोरच्या चेंडू फेकणाऱ्याला आडवं केलं की नाचायचं, ही आमच्या अमेरिकन फुटबॉलमधली रीतच. माझा नाच तर तुझाच: चर्चच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव फुगून आला की तू खांदे उडवतेस, तो. रविवारी त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या कोलला पाडलं आणि मी प्रेक्षकांकडे तोंड करून नाचत सुटलो. आमचेच लोक, पण एकाएकी सगळे गप्प झाले. मागे वळून पाहिलं, तर कोल हलत नव्हता.

प्रशिक्षक म्हणाले, "धक्का नियमातच होता. तोंड काय पाडून बसलायस?"

काल हॉस्पिटलात गेलो. कोल आता पाय हलवतो. दारात त्याची आई होती. माझी मान वर होईना.

"तूच ना तो नाचणारा?" ती म्हणाली. "ये आत. काही खाल्लंयस का सकाळपासून?"

आई, तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ते काम आता तू कर. फोन कर, हव्या तेवढ्या शिव्या घाल.

आणि खरं सांग, रविवारनंतर पाव फुगला तेव्हा तू नाचलीस का?

तुझाच,
रॉस्को