चन्नम्माचे आभार

सोलापूर
२ ऑगस्ट २०२५

चि. सोनम हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सव्वीस वर्षं मुख्याध्यापकी करून परवा घरी आले, आणि आता सकाळी कुणावर ओरडायचं ते कळत नाही. निरोप समारंभात शाळा समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा माझ्याविषयी चार मिनिटं आणि स्वतःच्या बोअरवेलविषयी चाळीस मिनिटं बोलले, ते तू बाकीच्या शिक्षकांबरोबर बसून ऐकलंसच. शाली अकरा मिळाल्या. सोलापुरात अकरा शाली!

फोनवर बोलायचं तर रेंजसाठी तुला घरमालकीण केराबाईंच्या गच्चीवर चढावं लागतं आणि खाली त्यांचं सगळं घर कान देऊन बसतं. म्हणून हे एसटीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. दुसरं पाकीट त्याच्याकडून थेट सिद्रामप्पांना जाईल. त्यात माझं आभाराचं पत्र आहे. गाव सोडून गेलेल्याने असं पत्र पाठवायचं, सोमवारी आरतीनंतर ते देवळात माइकवर वाचायचं आणि मगच प्रसाद वाटायचा, हा तुमचा रिवाज मला फार आवडतो. मागच्या मुख्याध्यापकांनी ‘समस्त ग्रामस्थांचे आभार’ एवढी एकच ओळ पाठवली होती. आळशी माणूस. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस असं पत्र फाडून हातात द्यायच्या. नाव घ्या आणि कशासाठी ते सांगा, म्हणायच्या. मी चाळीस नावं घेतली आहेत.

शाळेची खिचडी करणाऱ्या चन्नम्माचं नाव मुद्दाम घातलं. दोन वर्षांपूर्वी शहाजीने नववीतल्या अपेक्षाचं लग्न गुपचूप ठरवलं, ते तिनेच येऊन सांगितलं म्हणून आपण थांबवू शकलो. आज पोरगी इथे वसतिगृहात राहून अकरावी करते आहे. त्याच शहाजीने समारंभात माझ्या पाया पडून सांगितलं की बाई, तुमच्यामुळं लेक शिकली. मग त्यातला वाटा चन्नम्माला नको? बिचारीचं नाव कधी कुणी माइकवर घेतलं आहे?

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चंद्रिकाआत्या

६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सोनमचा सा. न. वि. वि.

शनिवार ते सोमवार मी कुर्डुवाडीला बाबांकडे होते. तुझं पत्र काल हातात पडलं, तोवर दुसरं वाचून झालं होतं. मी इथे असते तर सिद्रामप्पांच्या दारातून ते पाकीट परत आणलं असतं.

पुढचं केराबाईंकडून ऐकलेलं. आपापलं नाव आलं की लोक मान डोलावत होते, हसत होते. चन्नम्माचं नाव आलं, कशासाठी ते वाचलं गेलं, आणि तिच्या शेजारच्या बायका सतरंजीवर जराशा सरकून बसल्या. पत्र शेवटपर्यंत वाचलं. टाळ्यासुद्धा झाल्या.

काल शाळेत खिचडी शिजली आणि एकाही मुलाने ताट पुढे केलं नाही. सगळे घरून डबे घेऊन आले होते. दुसरीतल्या पायलला विचारलं, तर म्हणाली, आईनं सांगितलंय, तिच्या हातचं खायचं न्हाय. पातेलं गुरांपुढे रिकामं केलं.

शहाजीअण्णा ओरडत नाहीत. चन्नम्माच्या दारासमोरच्या कट्ट्यावर दोन माणसं घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसतात, एवढंच. मी विचारायला गेले, तर मला बसायला जागा करून दिली. म्हणाले, मोठ्या बाई परक्या, त्यांनी केलं ते कवाच सोडलं. आपल्यात ऊठबस असलेल्या बाईनं जाऊन सांगितलं, ते कसं सोडायचं तुमीच सांगा की.

चन्नम्मा घरात एकटी. परसातून लपत माझ्याकडे आली होती. म्हणाली, मी आभार मागितलं हुतं का? मोठ्या बाईस्नी म्हणावं, माजं नाव मागं घ्या.

रागावू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहावा.
तुझी,
सोनम

सोलापूर
८ ऑगस्ट २०२५

चि. सोनम हिस आशीर्वाद, वि. वि.

रागावू नको म्हणतेस! काल दिवसभर भांडी आपटली. ज्यांच्या पोरांची नाकं मी पुसली, ते एका बाईच्या हातचं खात नाहीत! पहिल्यांदा वाटलं, उठून यावं आणि त्याच माइकवर एकेकाचं नाव घेऊन खरडपट्टी काढावी. मग कळलं की नावं घेऊनच मी हे करून ठेवलं आहे. माझ्या पाया पडला म्हणजे शहाजीने सगळ्यांना माफ केलं, असं मी धरून चालले. सव्वीस वर्षं तिथे राहून मला इतकंही कळलं नाही.

नवं पत्र सिद्रामप्पांकडे धाडलं आहे. वयामुळे माझ्या स्मरणाचा घोटाळा झाला, मला सांगणारी व्यक्ती चन्नम्मा नव्हती, तिची क्षमा मागते, असं लिहिलं. आजवर कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. म्हातारी चळली असं गावाने ठरवलं तरी चालेल, त्या पातेल्यातली खिचडी पोरांनी खाल्ली पाहिजे.

या खेपेला सोमवारी तू देवळात थांब. काय होतं ते लगेच कळव, आणि आत्याला पदरात घे.
तुझी,
चंद्रिकाआत्या

१२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आज मुलांनी खिचडी खाल्ली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

काल तुझं पत्र वाचून झाल्यावर सिद्रामप्पांनी माइक खाली ठेवला नाही. म्हणाले, चन्नम्मा नव्हं, मग कोन? ते कळंपातुर प्रसाद वाटायचा न्हाय. लोक बसून राहिले. लहान मुलं रडायला लागली. कुणी उठेना. बायका हळूहळू पुन्हा चन्नम्माकडे बघायला लागल्या. तिने उठायला हात टेकला होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर स्वतःच बोलली असती.

मी उठले आणि म्हणाले, मी सांगितलं.

मग प्रसाद वाटला. मलाही दिला. चन्नम्मा मान खाली घालून निघून गेली, तिच्यावर माझा राग नाही. केराबाईंनी सकाळी सांगितलं की अमावास्येच्या आत खोली रिकामी करा, पाहुणे येणार आहेत. कट्टा आता रिकामा आहे. दुपारी शहाजीअण्णा शाळेच्या फाटकाशी उभे होते. फार अदबीने त्यांनी विचारलं की बाई, सुटल्यावर तुमी ओढ्याच्या वाटंनं जाता की गावातनं?

बाबांना यातलं काही कळवू नकोस. तुझा हात डोक्यावर असावा.
तुझी,
सोनम

सोलापूर
१३ ऑगस्ट २०२५

चि. सोनम हिस आशीर्वाद.

हे पत्र संध्याकाळच्या गाडीने, तुझ्याच हातात द्यायला सांगून पाठवते आहे. उद्या पहिल्या एसटीने मी येते. शाळा सुटली तरी वर्गातून हलू नकोस. केराबाईंना सांग, पाहुणे येतील तेव्हा येतील, आधी चंद्रिकाबाई मुक्कामाला येत आहेत.

सकाळी पोलिसांकडे अर्ज घेऊन गेले होते. साहेबांनी खुर्ची दिली, नीट वाचला आणि विचारलं की यात झालंय काय? कोण कट्ट्यावर बसलं, कुणी वाट विचारली. एवढंच ना, म्हणाले. इंग्रजीतूनही भांडून पाहिलं. अर्ज ठेवून घेतला.

तिथून अपेक्षाच्या वसतिगृहात गेले. तिला सावध करावं म्हटलं. तिच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली. काल संध्याकाळी वडील येऊन तिला घेऊन गेले, घरी कार्य आहे म्हणाले, असं वॉर्डनबाईंनी सांगितलं. पोरीला सतरा पूर्ण नाहीत. कसलं कार्य, कुठे, कोणत्या दिवशी, त्यांना ठाऊक नव्हतं. तुलाही ठाऊक नसणार. आणि आता त्या गावात तुला येऊन सांगेल, असं कुणी मी शिल्लक ठेवलेलं नाही.

दाराला आतून कडी घाल.
तुझी,
आत्या