उजव्या हाताचा ससा

प्रिय खारुताई,

नावात ताई आहे म्हणून मान देतोय अशा समजुतीत राहू नकोस. लहानपणी गालात शेंगदाणे कोंबून हिंडायचीस, तेव्हापासून हे नाव माझ्या तोंडात बसलंय आणि रागावलो तरी तेच बाहेर येतं. आज मी चांगलाच रागावलोय. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू ‘बाबा, आधी पाणी प्या बघू’ म्हणून माझी हवा काढून घेतली असतीस. म्हणून कागद घेतला. चार दिवस झाले, सकाळचा चहा झाला की थोडं थोडं लिहितोय. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होत जातंय. चष्मा लावून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी मी विणलेला राखाडी ससा घरी परत आला. आठवतोय ना? मी प्राणी विणून देतो त्या मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने चिठ्ठी पाठवली होती, की एक पाच वर्षांची मुलगी कानाला ऐकायचं मशीन लावू देत नाही, तिच्यासाठी मशीन लावलेला ससा हवा. मी सशाच्या डाव्या कानामागे लाल लोकरीचं मशीन केलं, त्याला बारीक वायर केली, आणि मला त्या वायरीचा फार अभिमान होता. ती मुलगी आता रोज आधी सशाचं मशीन नीट बसवते आणि मग स्वतःचं लावून घेते. पण फिरवते मात्र त्याला त्याच कानाला धरून, त्यामुळे कान निखळायला आला होता. तिची आई पत्ता शोधत दारात आली. मी म्हटलं, बसा, दहा मिनिटांचं काम आहे. खिडकीजवळ गेलो, कारखान्यातलं जुनं भिंग डोळ्याला लावलं, कान कुठे शिवायचा ते बघायला डोकं फिरवलं आणि तिथेच थांबलो. ते डोकं मी विणलेलं नव्हतं.

हे मला कसं कळलं ते तुला सांगायची गरज नाही, कारण तूच मला ते शिकवलंस. तरी सांगतो, कारण तुला ऐकवायचंय. तुझी आई गेल्यावर मी सहा महिने खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होतो, तेव्हा तू लोकर आणि क्रोशाची सुई घेऊन आलीस. अशा विणलेल्या प्राण्यांना अमिगुरुमी म्हणतात असं सांगितलंस. मला वाटलं एखादं मलम असेल. मी डावखुरा, तू उजवी. शेजारी बसून तुझे हात बघितले की माझं सगळं उलटं व्हायचं. दोन दिवस माझी चिडचिड ऐकून घेतल्यावर तू उठलीस आणि टेबलाच्या पलीकडे, माझ्या समोर जाऊन बसलीस. आरशात बघावं तसं तुझ्या उजव्या हाताकडे बघत माझा डावा हात शिकला. सहा मुके खांब, म्हणजे सहा बुटके टाके, मग बारा, मग अठरा, गोल गोल. दोघांचा एकेक चेंडू झाल्यावर तू ते जवळजवळ ठेवलेस आणि दाखवलंस, की तुझ्या चेंडूवर टाके एका बाजूला कलतात आणि माझ्या चेंडूवर दुसऱ्या. म्हणालीस, आता कुठेही तुमचा प्राणी सापडला तरी मी ओळखीन. तर मीही ओळखला, खारुताई. माझ्या सशाच्या धडावर तुझ्या हातचं डोकं होतं.

चौतीस वर्षं मी उजव्या माणसांसाठी बनवलेल्या लेथवर उभा राहिलो. सगळी चाकं, सगळ्या मुठी माझ्या चुकीच्या बाजूला. हाताला वळण लावलं, केसाएवढा फरकही चालत नाही असे मापं तपासायचे गेज बनवले आणि माझ्या कामाला कधी कोणी नाव ठेवलं नाही. पण माझ्या बाजूने फिरणारं असं मला आयुष्यात काही मिळालं नव्हतं. म्हातारपणी ससे, हत्ती नि पाणघोडे माझ्या बाजूने फिरायला लागले, आणि तू त्यांच्या माना धरून त्यांना पुन्हा उजव्या रांगेत उभं केलंस. लोकर तीच, टाके मोजून तेवढेच, दोन डोळ्यांमधलं अंतरसुद्धा बरोबर. फक्त दिशा विसरलीस. जगाला दिशा असते हे उजव्या माणसांच्या लक्षातच राहत नाही.

त्या बाईंना मी कान शिवून दिला. दहा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं आणि सुईत दोरा शेवटी त्यांनीच ओवला.

बुधवारी बस पकडून दवाखान्यात गेलो. एकटा. प्राण्यांची पिशवी दर रविवारी तू घेऊन जातेस, ‘तुम्हाला कशाला दगदग’ म्हणतेस, आणि मी मूर्खासारखा आपली लेक किती गुणाची म्हणून खूश होतो. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मुलांना खेळायला ठेवलेले माझे प्राणी आहेत ना, त्यांच्या पोटाला सिस्टर ते आल्याच्या तारखेची पट्टी शिवते, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. मी लहान मुलांच्या त्या वीतभर स्टुलावर बसलो आणि भिंग लावून एकेकाची तपासणी केली. एका पोराने आईला विचारलं, हे अस्वलांचे डॉक्टर आहेत का. पायाला प्लास्टर घातलेलं अस्वल माझं. चष्मेवाला हत्ती माझा. पोटावर टाके पडलेली मांजर माझी. समोरचा दात पडलेली मगर मात्र तुझी, आणि मगरीनंतरचं सगळं तुझंच. मगरीच्या पोटावरची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची आहे. सिस्टरला विचारलं तर ती लालबुंद झाली आणि आधीच पिना मारलेल्या कागदांना पुन्हा पिना मारत बसली. म्हणजे तिला माहीत, औषधं देणाऱ्याला माहीत, दारावरच्या माणसालाही बहुधा माहीत. कानोकान खबर नव्हती ती फक्त मला.

मगरीची तारीख मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. बसमध्येच उलगडा झाला. त्याच आठवड्यात माझे मेंदूच्या डॉक्टरांकडचे रिपोर्ट आले होते आणि ते आणायला तू एकटीच गेली होतीस. परत आलीस ती हसत. म्हणालीस, काही नाही बाबा, वयाची थरथर आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्यात. वारांच्या खणांच्या एका छान डबीत त्या भरूनही दिल्यास. मला पाकीट बघायला मिळू नये म्हणून ती डबी होती, हे मला आत्ता कळतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. तू तर माझेच डोळे मिटलेस.

गुरुवारी मी त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडली आणि मला सगळं ठाऊकच आहे अशा थाटात बोलायला लागले. कंपवात. हा शब्द मी तिथे पहिल्यांदा माझ्या नावापुढे ऐकला. गोळ्या वेळेवर घेता ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ताकद कमी वाटली की घेतो, आठवड्यातून तीनदा वगैरे, उरलेल्या मुलगी यायच्या आत डबीतून काढून ठेवतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. बोटांचा व्यायाम? मी म्हटलं, मुलगी मागे लागते, पण दिवसभर ससे विणतो तो काय कमी व्यायाम आहे. मग त्यांनी मला समजावलं, की गोळी दिवसातून तीनदा ठरल्या वेळी घ्यायची होती आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचा होता. फार प्रेमाने समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. अकरा महिने, खारुताई. माझ्या शत्रूनेसुद्धा माझे एवढे महिने वाया घालवले नसते, कारण शत्रूने मला खरं सांगून हिणवलं तरी असतं.

आता तू म्हणशील, आईच्या वेळी तुम्ही काय केलंत. म्हण. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती म्हणून आम्ही दोघांनी ठरवून तुला साधं दुखणं सांगितलं, आणि तुला खरं कळलं तेव्हा बारा दिवस उरले होते. तू तीन महिने माझ्याशी बोलली नाहीस. बोललीस तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एवढंच विचारलंस, की माझे दिवस तुम्ही कोणाला विचारून घेतलेत.   पेरलं ते उगवलं, कबूल आहे. पण ज्याच्या अंगावर तो चटका उठलाय त्याने तरी तो दुसऱ्याला देऊ नये ना? तुझाच प्रश्न मी तुला परत पाठवतोय. माझे दिवस तू कोणाला विचारून घेतलेस?

काल एक पाणघोडा पूर्ण केला. पूर्वी करायचो तसा टेबलावर ठेवला, चारही बाजूंनी भिंगातून तपासला, कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसाचं काम तपासायचो तसा. मी तो नापास केला असता. एक गाल सुजल्यासारखा, अठराच्या फेरीत कुठे सोळा तर कुठे एकवीस टाके, मानेतून कापूस बाहेर डोकावतोय, आणि डोळे एकमेकांशी भांडण झाल्यासारखे दोन दिशांना. असेच येत असणार तुझ्याकडे वर्षभर. आणि मी इथे बसून समजत होतो, की हात ठणठणीत आहेत, कारण रविवारी तू येऊन सांगायचीस, सिस्टर फार खूश झाली, मुलं नाचली. तुझ्या हातांचं कौतुक मी माझ्या हातांचं म्हणून खात होतो. याची लाज मला वाटतेय आणि ती तुझ्यामुळे वाटतेय, हे लिहून ठेव.

आणखी एक गोष्ट भिंगातून दिसली, तीही सांगतो, नाहीतर मी अन्याय केला असं होईल. सशाच्या डोक्याची लोकर कुरळी होती. एकदा विणून उसवलेल्या लोकरीलाच तशी मोड राहते. म्हणजे तू नवी लोकर आणली नाहीस, माझं डोकं उसवून माझ्याच धाग्याने पुन्हा विणलंस. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, की बसमध्ये, की घरी दार लावून, मला माहीत नाही. उसवताना तुला काय वाटत होतं तेही माहीत नाही. तिथे माझा राग जरा अडखळला. गेला नाही, पण अडखळला.

तर पत्राचं कारण. पाणघोडा या पाकिटातच आहे, जसा आहे तसा. तो तुझ्या टेबलावर ठेवायचा, उसवायचा नाही. रडायचंही नाही, निदान त्याच्यावर नाही. ती लोकर पाण्याने आटते. डॉक्टर म्हणाले, डावा हात आता मागे पडत जाणार. कधीतरी उजव्याचीही पाळी येईल, पण त्याला अजून वेळ आहे, आणि तो वेळ माझा आहे, तो मी कोणाला घेऊ देणार नाही. सिस्टरची नवी चिठ्ठी आली आहे, तिला चाकांच्या खुर्चीत बसलेलं कासव हवंय. ते मी करणार, कितीही वाकडं झालं तरी माझंच जाणार. तू रविवारी ये, पण पिशवी न्यायला नको. मला उजव्या हाताने विणायला शिकव. चुकलो तर तोंडावर सांग, माझ्यासमोर उसव आणि मलाच पुन्हा करायला लाव. डबी मी फेकून दिली आहे, गोळ्यांची पाकिटं टेबलावर उघडी ठेवली आहेत. रागावलेलाच असेन, तेव्हा हसत येऊ नकोस. आणि एक सांगून ठेवतो, तुझी खुर्ची मी पलीकडून उचलून आणली आहे. आता समोर बसायची गरज नाही. या वेळी माझ्या शेजारी बस.

तुझाच,
रविवारपर्यंत तरी डावखुरा असलेला
बाबा