घुबड ठेवायचं की काढायचं

४ नोव्हेंबर

घुबड घेतलं एकदाचं! दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवरूनच घेतलं. मी घरी पोचेपर्यंत अंगदच्या कॉम्प्युटरवर उतरलं होतं.

'कपार' हा एकच गेम अंगद, माझा भाऊ, शाळेत होता तेव्हापासून खेळतोय. एक करडू असतं. कड्यावरून कड्यावर उड्या मारत डोंगर चढायचा, चुकलं की दरीत. उडीचं बटण नेमक्या वेळी दाबावं लागतं – कधी दोनदा, कधी धरून ठेवायचं. अंगदच्या बोटांना आता ते होत नाही. आधी पाय गेले, मग दंड, आता बोटं. नगरचे डॉक्टर म्हणालेच होते, हा स्नायूंचा आजार थांबत नसतो.

आता दुसऱ्या एका गेममधलं घुबड 'कपार'मध्ये पाहुणं म्हणून आलंय. वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याला उडी नाहीच. बटण एकदा दाबलं की पंख पसरून सावकाश पलीकडे जातं. पडत नाही.

अंगदने पहिला कडा ओलांडला, मग दुसरा, तिसरा. मी टाळ्या वाजवल्या. आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "घुबड कशाला आणलंस गं घरात?" मग त्याच्याकडे बघून, "जमतंय का रं?"

"व्हय," तो म्हणाला.

५ नोव्हेंबर

कारखान्यात जास्तीची पाळी. घरी आले तर अंगद झोपलेला.

७ नोव्हेंबर

'कपार' खेळणाऱ्या मराठी लोकांचा एक ग्रुप सापडला. नुसतं वाचायला म्हणून शिरले. घुबडावरून जुंपली आहे. कुणी म्हणतं, पैसे काढायचे धंदे. कुणी म्हणतं, आमची पोरगी घुबडाशिवाय खेळतच न्हाई. एकाने लिहिलंय, दोन चांगल्या गेमची खिचडी करून दोन्ही नासवले. बरेच जण चिडलेत ते वेगळ्याच गोष्टीवर – घुबड घेऊन कुणीही शिखरावर पोचतंय, मग आम्ही इतकी वर्षं पडलो ते कशाला?

सगळ्यात कडक 'काळा कातळ' नावाचा कुणीतरी. त्याला सगळे गुरू मानतात. कुठल्या कड्यावरून कशी झेप घ्यायची हे त्यालाच विचारतात. त्याने लिहिलंय, "उडी मारता येत नसंल तर डोंगरावर येऊ नका. खाली बसून बघा."

बसमध्ये वाचलं. खाली बसून बघा. माझा थांबा मागे गेला तरी कळलं नाही. पुढे उतरून पवनचक्क्यांच्या माळावरून वाऱ्यात परत चालत आले.

१० नोव्हेंबर

गेमवाल्या कंपनीने मतं मागवलीत. मोठ्या डोंगरांवर घुबड ठेवायचं की काढायचं? वीस तारखेपर्यंत सांगा म्हणे. ग्रुपवर बहुतेक सगळे 'काढा'. कातळ तर रोज लिहितो. मी पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं – तुम्हाला नको तर घेऊ नका, दुसऱ्याच्या ताटातलं का काढता?

लगेच त्याचं आलं, "ताटातलं न्हाई. डोंगर चढायचा असतो. ह्यो नुसता झोका हाय."

माणूस आहे की दगड.

११ नोव्हेंबर

 मी शेजारी बसले की अंगद घुबड घेऊन दोनचार कडे करतो. मग म्हणतो, "बास, ताई. डोळं दुखत्यात."

१३ नोव्हेंबर

आज राहवलं नाही. ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. माझा भाऊ अंगद, वय वीस, आजार कोणता, कधीपासून. घुबड आल्यावर कितीतरी दिवसांनी त्याने कडा ओलांडला ते. त्याच्या हातांचा फोटोही टाकला – कंट्रोलरवर ठेवलेले, वळलेली बोटं. खाली लिहिलं, "काळा कातळ, या बोटांना सांगा खाली बसून बघायला."

पाठवलं. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

काय सांगू! अडीचशेच्या वर उत्तरं. ज्यांनी 'काढा' म्हटलं होतं तेच आता 'ठेवा' म्हणतायत. शेवगावच्या एका बाईने लिहिलं, अंगदभाऊला आमच्या घरून आशीर्वाद. कुणी दिव्यांची चित्रं टाकलीत, कुणी जोडलेल्या हातांची. "बिचारं पोरगं" तर किती जणांनी म्हटलंय. आणि कातळाला सगळ्यांनी धुऊन काढलं – लाज वाटू दे, माणुसकी हाय का, देव तुलाबी असंच करो.

कातळ गप्प.

संध्याकाळी अंगदला सगळं वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "तुझ्यासाठी एवढी माणसं उभी राहिली." तर म्हणाला, "मला वळव, ताई. त्या कुशीवर."

१५ नोव्हेंबर

जेवला नाही. आईला वाटतंय ताप आहे. ताप नाही.

१६ नोव्हेंबर

सुट्टी. आई कांद्याच्या लागणीला गेली होती. अंगदला आंघोळ घालून खुर्चीत बसवलं, डोकं पुसत होते. टॉवेलाच्या आतूनच तो बोलला.

"कातळ मीच हाय."

मला आधी कळलंच नाही. त्याने परत सांगितलं.

मी खाली बसले. विचारलं, मग ते सगळं तू लिहिलंस? मोबाईलला बोलून बोलून? खाली बसून बघा, तेही?

"व्हय."

"मग घुबड घेऊन खेळत होतास ते?"

"तू टाळ्या वाजवत हुतीस. काय करणार?"

बराच वेळ बोललो. म्हणजे तोच बोलला. करडू पडतं, मरतं, परत उठतं. घुबड पडतच न्हाई, मग त्याला चढलं कसं म्हणायचं? बोटं गेली तरी कडे त्याला पाठ आहेत. म्हणून तो पोरांना शिकवायचा. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. "लोक माझ्याशी भांडायचे, ताई. शिव्या द्यायचे. घरात कोण भांडतं माझ्याशी?"

मी म्हटलं, चुकलं माझं. काढून टाकते.

"वाचलं की सगळ्यांनी," तो म्हणाला. मग, "फोटो तरी इचारून टाकायचास."

फोटो काढून टाकला.

१७ नोव्हेंबर

कामात लक्ष नाही. दोनदा चुकीचा माल पास केला. सुपरवायझरने विचारलं, घरी काही झालंय का. नाही म्हटलं. पुन्हा कुणाला काही सांगायची हिंमत नाही.

१८ नोव्हेंबर

आज घरी आले तर अंगदने घुबड बंद करून करडू घेतलं होतं. पहिल्याच कड्यावरून पडलं. परत उठलं, परत पडलं. अंगठा बटणावर होता, पण वेळेवर खाली जातच नव्हता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आई म्हणाली, "बस कर रं, राजा." मी आईला हाताला धरून बाहेर आणलं. दोघी ओट्यावर बसलो. आतून करडू पडल्याचा आवाज येत राहिला. मग येईनासा झाला.

आत गेले तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. तो डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता. 

२० नोव्हेंबर

मतं द्यायचा शेवटचा दिवस. बसमध्ये ग्रुप उघडला. काळा कातळने सकाळी लिहिलंय.

"मीच अंगद. घुबड राहू द्या. मला लागतंय."