मोत्यावरचा तीळ

४ फेब्रुवारी

वहिनीनं आज चौकीत फौजदाराला खुर्चीवरून उठायला लावलं! तो बसूनच बोलत होता. ही त्याच्यासमोर उभी राहून हातमोजे काढायला लागली — एकेक बोट, सावकाश. अर्धा हातमोजा निघेपर्यंत स्वारी उभी! मी शालीत तोंड लपवून हसले.

भानगड अशी. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आपला मोत्यांचा सर नव्या धाग्यात गाठवायला दिला होता. गाठवणाऱ्या बाईनं गेल्या आठवड्यात परत आणून दिला, तो तिजोरीत गेला. परवा मेजवानीला घालायला काढला तर सगळे मोती काचेचे! त्याच संध्याकाळी त्या बाईला चौकीत नेऊन बसवलं. येत्या सोमवारी न्यायाधीशापुढे उभी करणार. अस्सल मोती सापडले नाहीत तर तुरुंग ठरलेलाच. घरी तिची आंधळी आई आहे, बाकी कुणी नाही.

वहिनीचे मोतीही हीच बाई गाठवते. "हिनं एक मोती इकडचा तिकडे केला असेल तर मी नाव बदलीन," वहिनी म्हणाली.

परतताना बग्गीत तिची नजर माझ्या कानांकडे गेली. धाकट्या मालकांनी, म्हणजे आमच्या 'त्यांनी', लग्न ठरलं म्हणून कालच पाठवलेली कानातली! एकेक टपोरा मोती, आणि त्याच्या ऐन मधोमध सोन्याचा ठिपका — गालावर तीळ असावा तसा. वहिनीनं माझ्या कानाची पाळी धरून उजेडाकडे वळवली. बराच वेळ पाहिलं. "छान आहेत," एवढंच म्हणाली. हेवा वाटला की काय! तिच्यासारखीला माझा हेवा वाटावा म्हणजे आमची चैनच म्हणायची.

५ फेब्रुवारी

दादा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता खिडकीशी बसून झुरणार. पैसा उदंड, मूलबाळ नाही, करणार काय दुसरं? हिनं भलतंच केलं. आधी गायनमास्तरांचं चोरीला गेलेलं व्हायोलिन शोधून दिलं. मग डॉक्टरांच्या घरी आरसे फोडणारं 'भूत' पकडलं — त्यांचाच भाचा निघाला. नातेवाईक म्हणतात, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हणोत! हिच्यासारखं डोकं त्यांच्यात एकाला तरी आहे का? सराफाची लेक आहे ती. बोलायच्या आधी मोती दातावर घासून पाहायला शिकली असेल.

आई गेली तेव्हा मी लहान होते. तेव्हापासून माझ्या वेण्या हिनंच घातल्या, आजारपणं हिनंच काढली. हे स्थळही हिनंच पसंत केलं.

६ फेब्रुवारी

सासूबाईंकडे गेलो. वहिनीनं सर मागून घेतला. एक मोती दातावर घासला — गुळगुळीत, म्हणजे काचच. अस्सल मोती किंचित खरखरीत लागतो. सासूबाई म्हणाल्या, बघा, मी सांगत नव्हते? मग वहिनीनं सर उलटा करून नाकाशी नेला. मला मेलीला वाटलं, मोत्यांना कसला वास!

बग्गीत बसल्यावर बोलली. "धागा पाहिलास? मानेपाशी पिवळा पडलाय. पावडरीचा वास मारतोय. नवा धागा आठवड्यात असा होतो? हा सर कितीतरी दिवस कुणाच्या तरी गळ्यात होता. बाईनं गाठवून दिला तो हा नव्हेच."

फौजदारानं मोती पाहिले, सोनारानं पाहिले, मीही पाहिले. धागा फक्त हिनं पाहिला! अभिमानानं ऊर भरून आला माझा.

७ फेब्रुवारी

वहिनीनं आज चहात साखर घातलीच नाही आणि तसाच पिऊन टाकला. म्हणजे काहीतरी सापडलंय. मला सांगत नाही!

९ फेब्रुवारी

मोठ्या घरांत एक गोष्ट असते, ती कुणी बोलत नाही. मलाही आजच कळली. अस्सल सराची हुबेहूब काचेची जोडी करून ठेवायची. प्रवासात, नाटकाला, गर्दीत ती घालून मिरवायचं; अस्सल सर तिजोरीत. चारचौघींत मात्र कबूल करायचं नाही.

वहिनीनं सासूबाईंना सरळ विचारलं, तुमची जोडी कुठं आहे? त्या लालबुंद झाल्या. मग प्रवासाची पेटी उघडली. जोडीची डबी रिकामी! म्हणजे घरातल्याच कुणीतरी तिजोरीतला अस्सल सर उचलला आणि जोडी त्याच्या जागी ठेवली. सासूबाईंनी मिरवण्यापायी जोडीचं नावही काढलं नाही, आणि एक गरीब बाई चौकीत जाऊन बसली!

आता तरी फौजदाराला सांगा, वहिनी म्हणाली. सासूबाई रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "घरची गोष्ट आहे. लग्न तोंडावर आलंय. अस्सल मोती समोर आणा, मग बघू. तोवर मी तोंड उघडायची नाही."

बग्गीत वहिनी म्हणाली, सर म्हणून तो आता मिळायचा नाही, मोती सुटे करून विकले असणार. सुटा मोती ओळखायचा कसा, मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं: सरातल्या मोत्याला आरपार भोक असतं. कानातल्या मोत्याला अर्धंच, मागून. सरातला मोती कानात बसवायचा झाला, तर सोनार पुढचं भोक सोन्यानं बुजवतो. किती माहीत असतं हिला!

मी म्हटलं, मग उद्या सगळ्या सोनारांकडे जाऊ या की. तर म्हणाली, "माझ्याच्यानं होण्यासारखं होतं ते झालं, चिमे." वहिनी आणि हात टेकते? मला रागच आला तिचा. बोललेही काहीबाही.

१० फेब्रुवारी

सकाळी आरशापुढे वेणी घालत होते. हात तिथंच थांबला. तो तीळ!

'त्यांनीच' सर विकला आणि उरलेले दोन मोती मला दिले. मला आलं ते उरलंसुरलं! ओक्साबोक्शी रडले. मग वहिनीच्या खोलीत गेले. ती हातमोजे घालून तयार बसली होती. खाली बग्गी जोडलेली.

"कधीपासून माहीत होतं?"

"ठिपका पहिल्या दिवशीच पाहिला. जोडीची डबी रिकामी निघाल्यावर खात्री झाली."

"मग काढून का नाही घेतलीत?"

"ती तुझ्या कानात होती, चिमे. आणि स्थळ मी बघितलं होतं."

चौकीच्या दारात तिनं कानातल्यांसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी देते. फौजदार बसून होता. मी उभी राहिले आणि सावकाश एकेक कानातलं काढलं.