सुलूच्या ब्रेकला वारा

३ मे
मानवी संस्कृतीच्या ऱ्हासाची नोंद कुणीतरी ठेवली पाहिजे, म्हणून ठेवतो. आज भर दुपारी, गोंदियाच्या या उन्हात, माझ्या कूलरमधला पंखा नाहीसा झाला. वाळ्याच्या ताट्या जागच्या जागी, पंप चालू, पाणी झुळझुळतंय आणि मधे पंख्याच्या जागी एक भोक. त्या भोकातून अंगण दिसलं. अंगणात माझा पंखा धाकट्या बहिणीच्या, सुलूच्या, गाडीच्या पुढच्या चाकाला वारा घालत होता.
"दादा, ब्रेक तापले होते."
"मी पण तापलोय."
"तू तापला तर पेपरात लिहिशील. ब्रेक तापले तर मी भिंतीत जाईन."
ओला पंचा डोक्यावर घेऊन पडून राहिलो.

४ मे
जानेवारीतलं तेव्हा लिहिलंच नव्हतं. लिहवलं नाही. ट्रॅकवरची शर्यत, पाचवी फेरी, वळणाच्या तोंडाशी ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि सरळ तळाला गेलं. गाडी टायरांच्या भिंतीत. सुलूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.
चव्वेचाळीस वर्षांची बाई. राईस मिल चालवते, हमालांशी भांडते, आणि हौस काय, तर मागच्या सीटा उपटलेली जुनी गाडी पळवणं. चोवीस तारखेला पुन्हा शर्यत. पंधरा फेऱ्या. नको जाऊ म्हटलं.
"वयानं नाही आदळले, तेल उकळलं म्हणून आदळले. थंड ठेवले का झालं."
तिचं म्हणणं असं: ब्रेक तापले की त्यांतलं तेल उकळतं, तेलात बुडबुडे होतात, मग आपण ब्रेक नाही, बुडबुडे दाबत बसतो. आपल्याकडच्या तक्रार अर्जांचं असंच होत असावं.

७ मे
कुडवा गावाच्या पुढच्या, प्लॉट पाडून ठेवलेल्या लेआउटमध्ये चाचणी. रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, 'बालोद्यान' अशी पाटी आहे. घर एकही नाही. चौकीदार धनलाल आणि त्याच्या बकऱ्या, एवढीच वस्ती.
सुलूनं मिलमधली कोंडा ओढायची जाड नळी गाडीच्या तोंडापासून चाकापर्यंत नेली आहे. गाडी पळेल तसा वारा आत शिरेल आणि ब्रेकवर जाईल. ताप मोजायला मी कोरोनातली कपाळाला लावायची बंदूक नेली. ब्रेकच्या डिस्ककडे, चाकामागच्या लोखंडी तबकडीकडे, धरली. ती नुसती किंचाळली.
धनलाल म्हणे, "काऊन जी, बाई एवढ्या जोरानं जाऊन राहिली, अन् मंग थांबाचीच चिंता कायले करून राहिली?"
मोटार शर्यतीवर इतकी नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही.
पेडल टिकलं. पण ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

९ मे
कारण कळलं. वारा डिस्कच्या एकाच अंगाला लागत होता. एक अंग गार, दुसरं लाल, मग डिस्क वाकणारच. वारा मधोमध, मुळाशी सोडायचा. पुढे डिस्क स्वतःच फिरता फिरता तो आतून बाहेर फेकते. तेलाचा पिपा कापून तिनं पत्र्याचं नरसाळं केलं. मी पाना धरून उभा. पेपरचा स्तंभ उद्या द्यायचा आहे, एक ओळ सुचलेली नाही.

१२ मे
आज आईला हौस आली, चाचणी बघायची. सुलू सात-आठ फेऱ्या मारून आली, गाडी थांबली, आणि कुणाला काही कळायच्या आत आईनं पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं.
चर्रर्र. वाफ. मग टण्ण.
"बैल दमून आला का त्याच्या पायावर पाणी घालतेत. मले वाटलं..."
डिस्कला काठापासून आत तडा. केसाएवढा, पण तडा. आईचा चेहरा बघवेना. सुलूच तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, बैलाले पाणी. याले वारा. एवढंच वो."
माझ्या मनात काय आलं ते इथेही लिहिणार नव्हतो. लिहितो. बरं झालं, असं आलं. नवी डिस्क वेळेत यायची नाही, सुलू जायची नाही.

१४ मे
नागपूरहून दोन डिस्का सकाळच्या बसनं आल्या. वेळेवर. नको असलेल्या गोष्टी वेळेवर येतात.

१६ मे
नव्या डिस्का हळूहळू तापवायच्या, हळूहळू निवू द्यायच्या. शेवटची फेरी ब्रेक न लावता काढायची. थांबल्यावर पेडलवर पाय ठेवायचा नाही, गाडी पुढेमागे ढकलत राहायची, म्हणजे ताप एकाच जागी साचत नाही. ढकलायला मी. पलीकडून आई सूप घेऊन चाकाला वारा घालते आहे, धनलाल तिला जागा दाखवतो आहे: "तिकडून नाही जी, इकडून."
कमरेत उसण. झोप नाही.

१९ मे
पैज लावली. मीच. दहा फेऱ्यांच्या आत पेडल मऊ पडलं तर तू जायचं नाही. नाही पडलं तर?
"नाही पडलं तर तू बाजूला बसायचं. एक फेरी. पुऱ्या जोरात."
सरळ रस्त्याच्या टोकाला उभा राहिलो. ब्रेकचा लाल दिवा कोणत्या खांबापाशी लागतो, तेवढंच बघत. पेडल मऊ पडायला लागलं की दिवा आधीच्या खांबाला लागतो, माणूस घाबरून लवकर दाबतो. आठवी फेरी, तोच खांब. दहावी, तोच. ती थांबलीच नाही. बारावी, तोच.
"हरला."
मी बीपीची गोळी, ऊन, स्तंभ, कंबर, सगळं सांगून पाहिलं. वाद घालेल असं वाटलं होतं. हेल्मेट काढत एवढंच म्हणाली, "राहू दे, दादा."


२१ मे
दुपारी शर्यतीला न्यायला गाडी ट्रकवर चढणार होती. सकाळीच लेआउटवर गेलो. सुलू इंजिन गरम करत होती. मागे पडलेलं जादा हेल्मेट उचललं, बाजूला जाऊन बसलो. तिनं वाकून माझा पट्टा आवळला, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त.
सरळ रस्ता. खांब आला, माझा पाय आपोआप पत्र्यावर दाबला गेला. तिचा नाही. आणखी एक खांब. आणखी एक. मग सगळं अंग पट्ट्यात जाऊन रुतलं, आणि गाडी वळली.
नंतरची फेरी हळू, ब्रेक न लावता, नुसता वारा.
मिलच्या चाव्या देऊन गेली. पट्ट्याचे वळ खांद्यावर आहेत. इथे ब्रेक बारा फेऱ्या टिकले. तिथे पंधरा काढायच्या आहेत.